भैरोबाची आतली बाजू

रावजीने मला पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरातून बाहेर काढलं होतं. मी आश्रमशाळेत नुकतीच रुजू झाले होते. डाळ शिजली का बघावं म्हणून पातेल्याच्या झाकणाला हात घातला, तर चुलीमागून आवाज आला, "बाई, तुमचे हाताला बाजाराचा वास हाय. आधी हात धुवा." मी हाताला कसलंसं क्रीम लावलं होतं. साबणाने धुऊन आले, तर त्याला साबणाचाही वास चालेना. शेवटी चुलीतली राख घेऊन हात घासले, तेव्हा कुठे मला डाळीचं दर्शन घडलं. मी भयंकर चिडले होते. चार इयत्तांना मराठी शिकवणारी बाई मी, आणि हा स्वयंपाकी मला हात धुवायला लावतो.

पुढे नऊ वर्षं मी त्या शाळेत काढली. मोखाडा तालुक्यातल्या त्या डोंगरात मला टिकवून धरलं ते या माणसाच्या नाकाने. तोंडावर मी त्याला 'रावजीबाबा' आणि 'तुम्ही' म्हणायची, सगळी मुलं म्हणायची तसंच. मनात मात्र तो माझा रावजीच होता, आणि इथेही तोच राहू दे. पोशेऱ्याच्या पुढे एका पाड्यावर त्याचं घर. बुटका, काटक, डोक्याला कायम पंचा गुंडाळलेला. नाक म्हणाल तर अगदी बसकं, दोन भोकांपुरतं. पण तांदळाचं पोतं उसवलं की तो आधी त्यात तोंड घालायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. तेल आलं की वास, मीठ आलं की वास. मी एकदा विचारलं, "मिठाला कसला वास असतो हो?" तो म्हणाला, "कंचे गोदामात व्हता, कशाचे शेजारी व्हता, समदा सांगतं मीठ." एखादी गोष्ट नाही पटली तर तो भांडायचा नाही. मान बाजूला फिरवायचा आणि खांदा किंचित वर उचलायचा. त्याची ती फिरवलेली मान मी अजूनही कुठे घाण दिसली की करून बघते. मला जमत नाही.

त्याचं हे नाक फक्त अन्नापुरतं नव्हतं. जेवणाच्या रांगेत वाढता वाढता तो थांबायचा आणि एखाद्या पोरीला म्हणायचा, "तू बाजूला बस." सूर्यमाळकडची एक चौथीतली मुलगी, तिला त्याने असंच बाजूला बसवलं आणि मला येऊन सांगितलं की हिला ताप येणार आहे. हात लावून बघितला तर अंग थंडगार. मी हसले. संध्याकाळी तिला हुडहुडी भरली आणि आम्ही तिला जीपमध्ये घालून जव्हारला नेलं. डॉक्टर म्हणाले, बरं झालं लवकर आणलंत. मी परत येऊन रावजीला सांगितलं तर तो भाकऱ्या थापत होता. "कोमेजल्या भाजीचा वास येत व्हता तिला," एवढंच म्हणाला.

एकदा मात्र त्याने मुख्याध्यापकांनाही सोडलं नाही. पावसाळ्यात आलेल्या तांदळाला कुबट वास होता, पोरकिडे तर वेगळेच. रावजीने पोतं परत पाठवा म्हणून सांगितलं. मुख्याध्यापक म्हणाले, "दोन पाणी जास्त धुवा, शिजल्यावर काही कळत नाही." रावजीने मान फिरवली. दुपारी त्याने त्या तांदळाचा मूठभर भात शिजवला, स्वच्छ पितळी ताटात वाढला, वर डाळ, बाजूला लोणचं, आणि ताट घेऊन सरळ मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवलं. मग समोर जमिनीवर मांडी घालून बसला. "जेवा, सर. मी बसतू." मुख्याध्यापक पाऊण तासाने एक घास खाऊन उठले. पोतं त्याच संध्याकाळी परत गेलं. तो पाऊण तास मी खिडकीतून पाहिला आहे आणि नोकरीत मला इतका आनंद फार वेळा झालेला नाही.

किळस म्हणजे काय हे मला त्याच्याकडून नीट कळलं. आपल्याला किळस येते ती उकिरड्याची, नाक शिंकरणाऱ्या पोरांची, गोठ्यातल्या शेणाची. रावजी शेणात हात घालून अंगण सारवायचा आणि पोरांची नाकं आपल्या पंच्याने पुसायचा. त्याला किळस यायची ती जागा सोडून ठेवलेल्या वस्तूची.

वरून पत्र आलं होतं, शाळेच्या भिंती रंगवा, आदिवासी संस्कृती दिसली पाहिजे. कुठल्यातरी शहरातून दोन रंगारी आले. त्यांनी वर्गांच्या भिंतींवर काड्यामाड्यांची नाचणारी माणसं काढली, झाडं काढली, मोर काढले. रंग उरला तेव्हा मुलींच्या संडासाची बाहेरची भिंतही रंगवून टाकली. त्यावर काढला लग्नाचा चौक, आणि चौकात उभी देवी. ही देवी इथे लग्नघराशिवाय कुठे मांडत नाहीत. सवाशिणी ती तांदळाच्या पिठाने भिंतीवर लिहितात, गाणी म्हणून तिला बोलावतात आणि काम झालं की निरोप देतात. रंगाऱ्यांना त्याचं काय? त्यांना चौकोन बरा वाटला. दुसऱ्या दिवशी तालुक्याहून साहेब आले, त्यांनी त्या भिंतीसमोर उभं राहून फोटो काढून घेतला. मागे बादल्यांची रांग आणि दारावर 'मुली' असं लिहिलेलं. मला त्या वेळी काही खटकलं नाही, हे मी कबूल करते. सुंदर दिसतंय, असंच मी म्हणाले होते.

पहाटे उठून रावजीने ती भिंत चुन्याने पांढरी करून टाकली. मग नोटीस आली, कारणे दाखवा. लिहिता येत नव्हतं म्हणून तो माझ्याकडे कागद घेऊन आला. मी पेन उघडून म्हटलं, "सांगा, काय कारण लिहू?"

"वास आला म्हून लिवा."

"असं कसं लिहिणार, रावजीबाबा? सरकारी कागद आहे."

"मंग तुमीच सांगा. तुमचे आयेला संडासात उभी केली तर काय लिवाल?"

मी 'भिंतीला ओल आल्यामुळे चुना लावणे आवश्यक होते' असं लिहून दिलं. त्याने अंगठा उठवला. पण मी काय लिहिलं ते त्याला वाचून दाखवल्यावर त्याने माझ्याकडे बघून मान फिरवली, आणि दोन दिवस माझ्या ताटात वाढताना तो एक शब्द बोलला नाही.

याच माणसाच्या घरी भैरोबाचा मान होता, हे मला फार उशिरा कळलं. आमच्याकडे बोहाडा असतो. चैत्र-वैशाखात गावाची माणसं देवादिकांचे, राक्षसांचे मुखवटे घालून संबळाच्या तालावर नाचत येतात. कुठलं सोंग कुठल्या घराने घ्यायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. रावजीच्या घराकडे भैरोबा. त्याच्या आजोबाने घेतला, बापाने घेतला, मग सात बोहाडे रावजीने घेतला. आणि त्यानंतर भैरोबा आलाच नाही. त्याची पाळी आली की संबळ वाजतो, टेंभेवाला पुढे चालतो, आणि टेंभ्यामागे कुणीच नसतं. लोक त्या रिकाम्या जागेला हात जोडतात आणि पुढच्या सोंगाची वाट बघतात. मी ते पाहिलं तेव्हा शेजारच्या बाईला विचारलं, कोण राहिलं यायचं? ती म्हणाली, "रावजीचा भैरोबा. त्यो गेलाय."

गेला म्हणजे जीपमधून गेला. रावजीचा बाप जिवंत असताना शहरातून एक गृहस्थ आले होते. प्रदर्शनात मांडतो, बोहाड्याच्या आत परत आणतो, असं म्हणाले. घरच्यांनी नव्या सुपात तांदूळ घेतले, त्यावर मुखवटा ठेवला, नारळ दिला आणि त्या गृहस्थाचे पायसुद्धा धुतले. ना चिठ्ठी, ना पत्ता. मी ऐकून कपाळाला हात लावला. "अहो, नाव तरी विचारायचं!" रावजीला माझाच राग आला. ज्याच्या हातात देव आहे त्याला नाव विचारत नाहीत, म्हणाला. तेवढा वेळ तो माणूस नसतो. बोहाड्यात मुखवटा घातलेल्याला कुणी नावाने हाक मारत नाही, तोच नियम त्यांनी त्या जीपवाल्याला लावला. अशा लोकांना फसवायला काय अक्कल लागते?

बरं, नवा मुखवटा का करत नाही? तर जुना असेपर्यंत नवा करता येत नाही. एका देवाची दोन तोंडं कशी असतील? जुना मोडला, किडला, तर ज्याने तो अंगावर घेतला आहे त्याने त्याला नदीत सोडायचा, अंघोळ करायची, आणि मग सावरीचं लाकूड तोडायचं. जुना अंगावर घेतलेला आता एकटा रावजी उरला होता. तो गेला की सोडणाराही गेला. म्हणजे ती टेंभ्यामागची जागा कायमची रिकामी. त्याचा पुतण्या तयार होता, तिशीचा गडी, पण काकाने मुखवटा सोडल्याशिवाय त्याला नवा घेता येत नव्हता. रावजीला तेवढं एकच काम जिवंतपणी करायचं होतं.

आणि मग शाळेची सहल गेली. घाट चढून गेलं की एक जुनं शहर लागतं. नाव सांगत नाही, तिथले लोक आपल्या शहराबद्दल फार हळवे आहेत. जुनी देवळं, नदीचा घाट, आणि एका दगडी इमारतीत देवादिकांच्या कलेचं संग्रहालय. मूर्ती, समया, पालख्या, चांदीचे टाक. शेवटच्या दालनात काचेच्या पेटीत एक लाकडी मुखवटा होता. खाली पाटी: 'राक्षस (?), लाकूड व रंग, ठाणे जिल्हा, कलाकार अज्ञात.' डोळे वटारलेले, मिशा, कपाळावर आडव्या रेघा. मोखाडा पूर्वी ठाण्यातच होतं, मला शंका आली. फोनवर फोटो काढला आणि परत आल्यावर थेट स्वयंपाकघरात गेले.

रावजीने हात पुसून फोन घेतला. क्षणभर फोटो बघितला. मग त्याने फोन उलटा केला आणि फोनची पाठ बघितली.

मला हसू आलं. पण तो हसत नव्हता. "पाठ नाय काढली?" म्हणाला.

मग त्याने समजावलं. मुखवट्याचं तोंड दर काही वर्षांनी जव्हारला नेऊन रंगवतात. कधी मिशी जाड, कधी डोळे मोठे, रंगाऱ्याच्या मनाला येईल तसं. तोंडावरून कुणालाच सांगता येणार नाही. "आन मी कवा तोंड बघितला? तोंड लोकांनी बघितला. मी आत व्हतो." आतली बाजू मात्र कुणी रंगवत नाही. आत डाव्या भुवईपाशी लाकडात एक गाठ होती, ती कपाळाला रुतायची. ती रुतू नये म्हणून त्याच्या आजोबाने आपल्या फेट्याची चिंधी तिथे डिंकाने चिकटवली होती. त्यात आजोबाचा घाम, बापाचा घाम, त्याचा घाम, टेंभ्यावर उडवलेल्या राळेचा धूर. "डोळं बांधा माजे आन नाकापाशी धरा. सांगतू."

मी त्याला घेऊन गेले. पत्रात सगळी हकीकत लिहून, दोनदा फोन करून वेळ घेतली होती. रावजीने धुतलेला सदरा घातला होता आणि पिशवीत नारळ, कुंकू आणि थोडे तांदूळ होते. दारावरच्या रखवालदाराने पिशवी काढून घेतली. खायच्या वस्तू आत चालत नाहीत म्हणाला. खायच्या! मी भांडायला लागले तर रावजीनेच मला थांबवलं. आत शिरल्यावर त्याने दोन पायऱ्यांवरच नाक आवळलं. मलाही तेव्हाच जाणवला तो फिनेलचा आणि उदबत्तीच्या अत्तराचा एकत्र वास. एक जोडपं पालखीसमोर तोंडं वेडीवाकडी करून स्वतःचे फोटो काढत होतं. विठ्ठलाच्या एका मूर्तीच्या पायाशी प्लगचा बोर्ड बसवला होता आणि त्यात कुणीतरी मोबाइल चार्जिंगला लावला होता. मी हीच दालनं पंधरा दिवसांपूर्वी मुलांना मोठ्या कौतुकाने दाखवली होती. आज रावजीच्या शेजारून चालताना मला त्या जागेची शिसारी आली, आणि थोडी स्वतःचीही.

तिथले साहेब तरुण होते आणि खरं सांगायचं तर चांगले होते. त्यांनी आम्हाला चहा दिला. त्यांच्याकडे एक छापील तक्ता होता आणि त्यात 'मूळ गाव' हा रकाना रिकामा होता. "तुम्ही खात्रीने सांगितलंत तर फार बरं होईल," ते म्हणाले, "आम्ही पाटीवर गावाचं नाव लिहू. राक्षस काढून टाकू. आणि तुम्हाला काही पूजा करायची असेल तर मी स्वतः परवानगी काढून देतो. हवं तर इथल्या नदीवर अगदी रीतसर निरोपाचा विधी करा. मुखवटा मात्र आमच्याकडेच राहील."

मी रावजीकडे पाहिलं. त्याने बराच विचार केला. "नदीपासून लांब राहील," म्हणाला, "पन मी जा म्हून सांगितला तर त्यो आयकंल. चालंल. आधी पाठ दाखवा."

साहेबांनी हातमोजे घातले, पेटी उघडली, मुखवटा दोन्ही हातांनी उचलून मऊ कापडावर ठेवला आणि अलगद पालथा केला.

आतली बाजू पांढरी स्वच्छ होती. गुळगुळीत, चकचकीत, वर काहीतरी लेप दिलेला. गाठ नव्हती, चिंधी नव्हती. मधोमध काळ्या शाईने एक नंबर लिहिला होता.

"आमच्याकडे आला तेव्हा बघवत नव्हता," साहेब उत्साहाने सांगू लागले. "नुसता मळ, चिंध्या, किडे. इतका घाण वास की कामगार जवळ जाईनात. तीन आठवडे लागले साफ करायला. खरवडून, औषध लावून, भोकं बुजवून. आता शंभर वर्षं काही होणार नाही."

रावजी वाकला. साहेब 'हात नको, हात नको' म्हणाले. त्याने हात मागे बांधले आणि फक्त नाक खाली नेलं. किती वेळ तो तसा वाकून होता! मग सरळ झाला.

"दवाखान्याचा वास हाय," म्हणाला. "ती चिंधी कठं ठेवली?"

"चिंधी? ती ठेवत नाहीत हो. टाकून दिली असेल."

साहेबांनी पेन काढलं. "मग लिहू ना? पोशेरा परिसर?"

मी रावजीच्या कोपराला हात लावला. "हो म्हणा," मी अगदी हळू म्हणाले. "तुमचाच असणार. एवढं हो म्हणा, म्हणजे देव सुटला. येत्या चैत्रात नवा करता येईल." मी मनापासून सांगत होते. एका शब्दाचं तर काम होतं, आणि तो शब्द बहुधा खराही होता.

त्याने माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली. मग साहेबांना म्हणाला, "आमचा व्हता का दुसऱ्याचा व्हता, मना नाय सांगता येत. सांगनारी चिंधी व्हती. ती तुमी फेकली."

साहेबांनी पेन खिशाला लावलं. त्यांना वाईट वाटलं असावं. त्यांनी मुखवटा पुन्हा उताणा करून पेटीत ठेवला आणि कुलूप लावलं.

बाहेर आलो. रखवालदाराने पिशवी परत दिली. संग्रहालयाच्या आवारात बागेला पाणी घालायचा नळ होता. रावजीने चपला काढल्या, पिशवी माझ्या हातात दिली, नळाखाली बसला आणि तोटी सोडली. अंगात सदरा, डोक्याला पंचा, सगळ्यासकट. रखवालदार ओरडत धावला, "ए बाबा, ये क्या नहाने की जगह है?" लोक थांबून बघायला लागले, एकाने फोन काढला. मीही आधी गोंधळले. मग कळलं. माणूस गेल्याची बातमी आली की अंगावरच्या कपड्यांनिशी अशी अंघोळ करतात. मी रखवालदाराच्या आडवी झाले आणि नऊ वर्षांत मुलांवर कधी ओरडले नसेन तेवढ्या आवाजात त्याच्यावर ओरडले.

मोखाड्याच्या गाडीत जागा होती, पण ओल्या कपड्यांनी सीट भिजेल म्हणून रावजी बसला नाही. वरचा दांडा धरून उभा राहिला. पायाखाली पाण्याचं थारोळं झालं होतं. मला राहवेना. "तुमचा नव्हता असं म्हणता, मग सुतक कसलं धरलंत?"

"कोनाचा तरी व्हता ना," तो म्हणाला. "त्याचे घरचा कोन आलाय तठं?"

"आणि तुमचा? पुतण्याला काय सांगणार?"

"आमचा आसंल कठंतरी. नाय तर ह्योच आसंल. आता कोनालाच नाय समजनार." घाट सुरू झाला, गाडी वळायला लागली, तसा त्याने दांडा दोन्ही हातांनी धरला.

त्यानंतर महिन्याभरात माझी बदली झाली आणि पावसाळ्यात तो गेल्याचं मला फोनवर कळलं. माझ्या डोळ्यांसमोर तो अजून त्या गाडीतच उभा असतो. त्या दिवशी माझा थांबा आधी होता. मी उतरायला निघाले तेव्हा त्याने पंचा पिळून पुन्हा डोक्याला बांधला आणि मागून हाक मारली.

"बाई, घरी शिरायचे आधी अंघोळ करा. तुमी पन बघितलाय त्याला."

मी दारातच डोक्यावरून पाणी घेतलं.